आयला नावाचं बेट

आमच्या आणि अण्णांच्या अंगणांमध्ये तारेचं कुंपण आहे, पण ते नावालाच. शेवगा त्यांचा, शेंगा आमच्या बाजूला. कढीपत्ता आमचा, फोडणी त्यांची. तिसऱ्या खांबापाशी तार पार खाली वाकली आहे. ती कुणी वाकवली याबद्दल दोन्ही घरांत दुमत नाही. वीस वर्षं तिच्यावर कोपरं टेकली आहेत ती माझी आणि काकूंची.

शनिवारची सकाळची शाळा सुटली. घरी येऊन पर्स ठेवते न ठेवते तोच खांबापाशी बांगड्या वाजल्या.

"बाई, या बरं हिकडं. कालचं ऐकलं का?"

"काय झालं काकू?"

"आमच्या ह्यांनी शिवी दिली मला. भाच्याच्या देखत. आयला म्हणले. एकदा नाही, चारदा!"

माझा विश्वास बसेना. अण्णांनी तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काढली, तीही प्रयोगशाळेत. माणूस रागावला तर जास्तीत जास्त 'मूर्ख' म्हणणार, आणि तेही रेडिओला.

"वर हसून म्हणतात कसे, आयलाची आहे, जपून धर! आता कुणाच्या आयलाची, म्हणते मी? रागानं मी त्यांचं भांडंच घासलं नाही आज. पडलंय मोरीत."

तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो बाई, बेट आहे ते! स्कॉटलंडच्या पश्चिमेला! लिहिताना मध्ये एक 'स' घालतात आणि बोलताना गिळतात!"

आणि पाठोपाठ अण्णाच बाहेर आले. गळ्यात मफलर, हातात वही. कुंपणाला तिसरं कोपर टेकलं.

तर प्रकरण असं होतं. ग्लासगोला नोकरीला असलेला भाचा सुट्टीवर आला आणि मामासाठी एक बाटली घेऊन आला. लाफ्रॉइग. 1815 सालापासून त्या बेटावर ही दारू गाळतात. बेटाची वस्ती तीन हजारांच्या आसपास, आणि तेवढ्यात नऊ-दहा भट्ट्या.

"तीन हजारांत धा भट्ट्या?" काकूंनी डोक्याला हात लावला. "आपल्याकडं एक हाय तर निम्मं गाव रस्त्यात झोपतंय."

अण्णांचा हा नाद सगळ्या तेलगावाला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे म्हणजे कुणालाच नीट ठाऊक नाही. कुणी म्हणतं, अण्णा निवृत्तीनंतर बिघडले. कुणी म्हणतं, पोरं पुण्याला गेली, मग करतील काय. खरं म्हणजे अण्णा महिन्यातून दोनदा, जेवणाआधी, औषधाच्या मापानं तीस मिली घेतात आणि त्याच्यामागं तास घालवतात. त्यातली पंचेचाळीस मिनिटं नुसतं हुंगण्यात जातात.

"बाई, तुम्ही सांगा," अण्णा म्हणाले, "सध्या आपल्या गावाला कशाचा वास येतोय?"

सांगायला कशाला हवं? गाळप हंगाम ऐन भरात होता. सुंदरनगरला कारखान्याचं धुराडं धडधडत होतं, चौकात बीड-परळी रस्त्यावर ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या आणि बैलगाड्या अडकून पडल्या होत्या. हवेत उसाचा तो गोडूस, थोडा आंबूस, थोडा करपट वास होता. तेलगावच्या पोराला कुठंही नेऊन सोडा, या वासाला तो घर म्हणेल.

"बरोबर. त्या वासातच सगळं आलं. एक टन उसामागं चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते, म्हणजे मोलॅसिस. साखर काढून काढून शेवटी उरलेला तो काळा पाक. असल्या एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क निघतो. तीस वर्षं मी तोच मोजला. शंभरात शहाण्णव टक्के शुद्ध, पाण्यासारखा पांढरा. त्याला ना रंग, ना चव. आता त्यात पाणी घाला, रंगाला जळकी साखर घाला, नावाला थोडी माल्ट घाला. लेबलावर एखादा साहेब नाहीतर घोडा छापा. झाली चौकातली व्हिस्की."

"म्हणजे ती व्हिस्की नव्हंच?" काकू.

"युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. तिथं व्हिस्की धान्याचीच लागते. मळीची असली तर ती रमची चुलत बहीण. आपल्याकडं मात्र तिला नाव आहे, इंडियन मेड फॉरेन लिकर. भारतात बनलेली विदेशी दारू."

"भारतात बनलेली इदेशी?" काकू क्षणभर थांबल्या. "म्हंजे सासरीच जन्मलेली माहेरवाशीण!"

मला पदर तोंडाला लावावा लागला. अण्णांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मग मी माझी एक जुनी शंका काढली. रस्त्याकडेला पडलेल्या रिकाम्या क्वार्टरवर '42.8 टक्के' आणि '25 यू. पी.' असं लिहिलेलं असतं. आमच्या चौथीतल्या एका पोरानं वर्गात विचारलं होतं, बाई, पंचवीस रुपये उत्तर प्रदेशात का? मला उत्तर आलं नव्हतं.

अण्णा खूश झाले. "अंडर प्रूफ! जुन्या काळी इंग्रज लोक दारूची परीक्षा बंदुकीच्या दारूवर करायचे. दारूवर दारू ओतायची आणि काडी लावायची. पेटली तर ही खरी, सिद्ध झाली, प्रूफ. पुढं तो आकडा 57.1 टक्क्यांच्या आसपास धरला. त्याच्यापेक्षा पंचवीस टक्के कमी म्हणजे 42.8. साहेब जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण आपल्या क्वार्टरवर त्याची बंदूक अजून आहे."

सोमवारी वर्गात हे सांगावं की नाही, यावर मी अजून विचार करते आहे.

"पण मग ह्या बेटवालीत असं काय सोनं?" काकूंनी मूळ मुद्दा सोडला नव्हता.

"सोनं नाही, सातू. जव. तू मटकीला मोड आणतेस ना, तसेच जवाला मोड आणायचे. भिजवायचं, पसरायचं, मोड फुटला की आतल्या पिठाची साखर व्हायला लागते. ते मोडाचं जव म्हणजे माल्ट. मोड फार वाढू द्यायचे नाहीत, नाहीतर सगळं सत्त्व कोंबच खाऊन टाकेल. म्हणून ते वाळवायचं. आता त्या बेटावर झाडं कमी, लाकूड कुठून आणणार? मग तिथली माणसं दलदलीतली माती खणतात. हजारो वर्षं कुजून दबलेलं शेवाळ, गवत. त्याच्या विटा पाडून वाळवतात आणि त्याच जाळतात. त्याला पीट म्हणतात. त्याचा धूर जवाला लागतो आणि पार बाटलीपर्यंत येतो."

"म्हंजे गोवऱ्या."

"गोवऱ्याच समज. हुरडा भाजताना आगटीत शेणाची गोवरी असली म्हणजे जो वास लागतो, तो गॅसवर भाजलेल्या हुरड्याला येईल का?"

"गॅसवर हुरडा कोण भाजतं? तसला पाव्हणा पुण्याचाच असणार."

तिकडं मोडाच्या जवाचं पाणी काढून आंबवायचं आणि तांब्याच्या भल्यामोठ्या बंबात दोनदा गाळायचं. तांबंच का, तर गंधकाचा घाण वास ते धरून ठेवतं. अण्णांच्या कारखान्यात होते ते उंचच उंच स्तंभ; त्यांत वास, चव सगळं धुऊन जायचं आणि नुसता मद्यार्क उरायचा. बंबातून मात्र धान्याची थोडी आठवण शिल्लक राहते.

"आणि मग मुरवायची," अण्णा म्हणाले. हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज लोणच्याच्या बरणीवरचा दादरा सोडावा तसा हलका झाला. "स्कॉच म्हणवून घ्यायचं तर ओकच्या लाकडी पिंपात निदान तीन वर्षं, तीही स्कॉटलंडमध्येच. बहुतेक दहा-बारा वर्षं ठेवतात. पिंपंही शक्यतो जुनी. अमेरिकेत बर्बनसाठी दर वेळी नवंकोरं, आतून जाळलेलं पिंपच लागतं, तसा कायदाच आहे. एकदा वापरलं की त्यांच्या कामाचं नाही. ती पिंपं जहाजानं स्कॉटलंडला येतात. लाकडातून व्हॅनिलासारखा गोडवा उतरतो. शेरी नावाच्या स्पॅनिश वाईनचं पिंप असेल तर मनुका आणि खारीक."

"आईच्या बरणीतलं लोणचं आणि नव्या बरणीतलं," काकू पुटपुटल्या. "लागतंच की येगळं."

"आणि पिंपातून दर वर्षी थोडी उडून जाते. तिकडं थंडी, म्हणून शंभरातली दोन. तिला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरात तोच वाटा दहा-बारा टक्क्यांवर जातो. पाच वर्षं ठेवली तर पिंप जवळजवळ निम्म्यावर येतं."

"आणि तेलगावात?" मी विचारलं.

"तेलगावात मे महिन्यात माजलगावच्या धरणाचं पाणी राहत नाही बाई, पिंपाचं काय घेऊन बसलात! आपल्याकडचे देवदूत भलतेच तहानलेले."

"ते मला माहीत हाय," काकूंनी तेवढ्यात साधलं. "मी बाटलीवर पेनानं रेघ मारून ठेवते. दर पंधरा दिवसाला रेघ खाली. आपल्या घरचा देवदूत लुंगी नेसतो, बाई."

अण्णांनी मफलर सारखा केला आणि गाडी बंगळूरला वळवली. तिथं 1948 साली राधाकृष्ण जगदाळे यांनी अमृत नावाची कंपनी काढली.

"जगदाळे?" काकूंचा कान टवकारला. "कुठले म्हणायचे?"

"बंगळूरचे."

"मूळचे, मूळचे!"

मूळ गाव अण्णांच्या वहीत नव्हतं, त्यामुळं काकूंच्या लेखी ती वही तिथंच अर्धी नापास झाली. पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जगदाळ्यांचा नातू इंग्लंडमध्ये व्यवस्थापन शिकत होता. भारतातली माल्ट व्हिस्की विलायतेत विकता येईल का, हाच त्यानं अभ्यासाला विषय घेतला. 2004 साली त्यांनी आपली बाटली थेट ग्लासगोत, म्हणजे स्कॉचच्या माहेरात नेऊन उघडली. पंढरपुरात जाऊन बुक्का विकण्यासारखं! सुरुवातीला कुणी उभं करेना. पुढं जिम मरे नावाच्या समीक्षकानं 2010च्या आपल्या 'व्हिस्की बायबल'मध्ये अमृत फ्यूजनला शंभरात सत्त्याण्णव गुण देऊन जगात तिसरी ठरवली. फ्यूजन नाव का, तर तीन हिस्से आपलं जव आणि एक हिस्सा धुरावलेलं स्कॉटिश जव. त्यानंतर गोव्यात कुंकळ्ळीची पॉल जॉन आली, हरियाणाची इंद्री आली, आणि आपल्या नाशिकजवळच्या दिंडोरीहून लाँगिट्यूड 77. ते सत्त्याहत्तर अंशांचं रेखावृत्त अकोल्यावरून जातं.

"नाशिकची दारू आणि अकोल्याचं रेखावृत्त?" मी म्हटलं. भूगोल मीच शिकवते.

"भारताच्या मधून उभं जातं म्हणून नाव दिलंय. तुम्ही पेपर नका तपासू."

एवढ्यात रस्त्यानं चौकातल्या हॉटेलचे मालक गाडीवरून गेले आणि अण्णांनी आवाज खाली आणला. याच गृहस्थांकडं बारा वर्षांची एक स्कॉच आहे. लग्नात मिळालेली. ती त्यांनी दहा वर्षं कपाटात ठेवली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आता ही बावीसची झाली. "अहो, बाटलीत ती मुरत नाही!" अण्णा कळवळून म्हणाले. "लाकडातून काचेत आली की तिचं वय थांबलं. बाराची बाराच राहणार. मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, अण्णा, तुम्हाला माझं बरं बघवत नाही."

"तुम्हाला परवाना तरी आहे का अण्णा?" माझ्यातली सरकारी नोकर जागी झाली.

"आजन्म! हजार रुपये भरले." महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याखाली आजही पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि वय पंचवीस पूर्ण लागतं. गंमत म्हणजे हा परवाना आरोग्य राखण्यासाठी म्हणून मिळतो. अण्णा तो जेवणाच्या टेबलावर काचेखाली ठेवतात. शेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी. दोन्ही आरोग्याचीच.

मग भाच्यानं आणलेली बातमी निघाली. 2025च्या जुलैत ब्रिटनशी करार झाला. विलायती व्हिस्कीवर दीडशे टक्के आयातशुल्क होतं, ते पंचाहत्तरवर येणार आणि दहा वर्षांत चाळीसवर.

"आन् सोयाबीनचं?" काकूंनी विचारलं. "सोयाबीनचं काय ठरलं त्या करारात?"

अण्णांना उत्तर सुचेना. मलाही.

काकूंचा सूर तिथून बदलला. शेवग्याच्या वाळक्या काडीनं त्या तारेवर टकटक करत राहिल्या. "बाई, तुम्ही हसता, मीबी हसते. पण आमच्या शेतातल्या त्या गड्याचं आठवतं ना? दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन बायको-पोरांसकट तोडीला जायचा. उसाच्या मोळ्या वाहून वाहून खांदा सोललेला. आलेले पैसे संध्याकाळी चौकात. ज्यानं ऊस तोडला, त्याच उसाची मळी, त्याच मळीची क्वार्टर त्याला पाडून गेली. चव त्याला कुठली माहीत? नाक दाबून एका घोटात. वर शेंगदाणे. गावात उभी बाटली, आडवी बाटली मतदान लागू द्या, माझा शिक्का आडवीवरच. घरात परवाना असला तरी."

गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. अण्णा हळूच म्हणाले, "मार की. मी कुठं नको म्हणतो? मी तर म्हणतो, ज्याला वास घेता येतो त्याला फार पिता येत नाही." हे मला पटलं की नाही, सांगता येत नाही. वास घेणारेही वाहवत गेलेले असतीलच. पण अण्णांच्या बाबतीत रेघ खरंच पंधरा दिवसाला बोटाच्या पेराएवढीच खाली येते. काकूंनीच मला मोजून दाखवली आहे.

वातावरण जड झालं म्हणून मी वही मागितली. कारखान्यात उताऱ्याच्या नोंदी करायची जुनी आडव्या रेघांची वही. डाव्या रकान्यात नाव, मधे टक्के, उजवीकडं शेरा. वाचत गेले आणि थक्क झाले.

अमृत फ्यूजन: 'आगटी विझल्यावर दुसऱ्या दिवशी राखेला येतो तो वास. मागून सुंठवडा.' पॉल जॉन: 'मध घातलेला शिरा, तळाला लागलेला.' दिंडोरीची: 'मनुका, जायफळ, नव्या कपाटाचा खण.' आणि एका स्वस्त क्वार्टरसमोर, जी त्यांनी तुलनेसाठी आणली होती: 'नेलपॉलिश आणि भांडण.'

"अण्णा, तुम्ही तर लेखक निघालात!"

अण्णा काही बोलले नाहीत. शेवग्याकडं बघू लागले. मी पुन्हा पाहिलं. काही शेरे नुसतेच होते, 'बरी', 'चांगली', 'तिखट'. आणि ज्या शेऱ्यांवर मी थक्क झाले होते त्या प्रत्येकासमोर समासात बारीक अक्षरात एकच अक्षर होतं: 'सौ.'

मी काकूंकडं पाहिलं. काकू सुपातले खडे बघायला लागल्या, सुपात ज्वारी नव्हती तरी.

"तीस वर्षं स्पिरिटच्या वाफा घेऊन माझं नाक गेलं बाई," अण्णांनी शेवटी कबुली दिली. "मला धूर आणि गोड, एवढंच कळतं. हिचे वडील गुळव्या होते. धारूरकडं नावाजलेले. काहील कधी उतरवायची ते पाकात बोट न घालता नुसत्या वासावर सांगायचे. एक मिनिट इकडं तर काकवी, एक मिनिट तिकडं तर गूळ जळका. ही त्यांच्या मांडीवर बसून शिकली."

"पण काकू, तुम्ही तर थेंब घेत नाही!"

"छी! घ्यायची कशाला?" काकू म्हणाल्या. "सकाळी भांडं घासायला घेते ना, तवा येतोच की वास. रात्रीची ती झिणझिणी उडालेली असती. खाली जे राहतं ते खरं."

अण्णांनी तर सांगितलं की विलायतेतले मोठमोठे जाणकारही रिकामा पेला रात्रभर ठेवून सकाळी हुंगतात. मद्यार्क उडून जातो, जड वास मागं राहतात. पाण्याचे चार थेंब घातले की धुराचा वास वर येतो, यावर तर 2017 साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणू मांडून शोधनिबंध लिहिला. काकूंनी राख आणि नारळाच्या शेंडीच्या बळावर आमच्या गल्लीत, मोरीपाशी उकिडवं बसून तेच केलं होतं. वासाला शब्द आठवणीतून येतात. ज्यानं आगटी पाहिली नाही, त्याला त्या बेटाच्या धुरात आगटी सापडणार नाही. त्याला त्याचं काहीतरी दुसरं सापडेल.

"मग या आयलाचा शेरा?" मी वही उलटली. कालची नोंद अर्धी होती. लाफ्रॉइग, 40 टक्के, आणि पुढं रकाना मोकळा. शिवी प्रकरणामुळं भांडं घासलंच गेलं नव्हतं ना!

काकू काही न बोलता आत गेल्या आणि ते भांडं घेऊन आल्या. ग्लास नव्हताच तो. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, खाली रुंद, वर निमुळता, काचेचा कोनिकल फ्लास्क. अण्णांनी संभाजीनगरच्या दुकानातून नवा आणलेला, वास तोंडाशी गोळा व्हावा म्हणून. काकूंनी पदरानं फ्लास्कचं तोंड पुसलं, तो नाकाजवळ धरला, तोंड किंचित उघडं ठेवून. ते त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. डोळे मिटले. कुंपणावर एकदम शांतता. चौकातला ट्रॅक्टरसुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"दवाखान्यात हुरडा भाजल्यावाणी," काकू म्हणाल्या.

अण्णांनी पेन उघडलं. समासात आधी 'सौ.' लिहिलं, मग शेरा.

"घ्या, तुम्हीबी बघा," म्हणून काकूंनी फ्लास्क वाकलेल्या तारेवरून माझ्या हातात दिला. मी इकडं तिकडं पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. नाकाशी नेला. आधी नुसताच टिंचरचा वास, पोरं मैदानात पडली की आम्ही शाळेच्या कपाटातून काढतो ते. मग धूर. आणि त्या धुराच्या मागं, अगदी तळाशी, पावसात भिजून चुलीजवळ वाळत घातलेलं माझ्या आजोबांचं घोंगडं. चाळीस वर्षांपूर्वीचं. जसंच्या तसं.

"आयला!" माझ्या तोंडून निघून गेलं.

आणि नेमकी तेव्हाच आमच्या चौथीतली दोन पोरं सायकलवरून कुंपणापाशी आली होती.

बेटाचं नाव आहे ते, असं मी त्यांना सांगितलं. सोमवारी नकाशावर दाखवणार आहे.